दिवसा जळणारा दिवा, रात्री जागणारा शेतकरी



नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आपण कुणाचाही झेंडा खांद्यावर घेतला नव्हता. जिल्हा बैठकीत ठरले होते की मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराच्या हातात पाच प्रश्नांचे पत्र द्यायचे, लेखी उत्तर मागायचे आणि आलेले उत्तर, किंवा न आलेले, गावोगाव वाचून दाखवायचे. पहिलाच प्रश्न विजेचा होता. शेतीच्या मोटारीला दिवसा आठ तास, पूर्ण दाबाची वीज केव्हा देणार? ते पत्र घेऊन आम्ही चौघे अठरा दिवसांत तेवीस गावे फिरलो. उमेदवारांकडून काय मिळाले ते पुढे सांगतो. आधी गावांकडून काय मिळाले ते सांगितले पाहिजे, कारण ते आपल्यालाच झोंबणारे आहे.

दिवस सुगीचे होते. सोयाबीन घरात येऊन पडले होते. सरकारचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि मोंढ्यातला भाव त्याच्या खाली, म्हणून कुणी विकायला धजत नव्हते. हरभऱ्याला पहिले पाणी द्यायचे होते, गव्हासाठी रान ओलवायचे होते. विहिरींना पाणी होते. नव्हती ती फक्त दिवसाची वीज. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, बाकीचे दिवस रात्री दहा तास, ही पाळी आपल्या अंगवळणी पडली आहे. अंगवळणी पडली म्हणजे ती न्याय्य झाली असे नव्हे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जाणाऱ्या माणसाला साप चावतो, ओल्या हाताने स्टार्टर दाबताना धक्का बसतो. आमच्या तालुक्यात असा एक तरुण गेला. त्याच्या घरी बसलो तेव्हा त्याचा बाप एवढेच म्हणाला, "गहू जगला."

हे दुःख घेऊनच आम्ही फिरत होतो. आणि अशाच एका गावात सकाळी अकरा वाजता, पारावर माझे भाषण चालू असताना, एका आजीने मला मध्येच थांबवले.

आजीचा प्रश्न

"साहेब," ती म्हणाली, "दिवसा लाईट द्या, दिवसा लाईट द्या म्हणायलात. त्या खांबावर बघा की. दिलीया."

सगळ्यांनी माना वर केल्या. पाराशेजारच्या खांबावरचा दिवा भर उन्हात जळत होता. त्याच्या पलीकडचाही. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सगळे. लोक हसले, मीही हसलो आणि भाषण पुढे रेटले. पण बोलण्यातला जोर गेला तो गेलाच.

त्या दिवसापासून मी खिशातल्या वहीत उलट बाजूने लिहायला सुरुवात केली. पुढच्या बाजूला उमेदवारांची उत्तरे, मागच्या बाजूला गावाची उधळपट्टी. मागची बाजू आधी भरली.

त्या गावात त्या वेळी एकतीस दिवे जळत होते. काही नवे एलईडी, काही जुने पिवळे सोडियमचे. बंद का करत नाही, म्हणून विचारले. सरपंच म्हणाले, वायरमन करील. वायरमन म्हणाला, दिव्यांची वेगळी तार तुटून दोन वर्षे झाली, दिवे गावाच्या लाईनवरच जोडलेत, आता बंद करायचे तर सगळे गाव बंद करावे लागेल. ग्रामसेवक म्हणाले, बिल ठोक येते, मीटर नाही. म्हणजे दिवा जळो की विझो, कुणाच्याही खिशाला चटका नाही. ज्याचा चटका कुणालाच बसत नाही ते विझवायला कुणीच उठत नाही.

दुसऱ्या एका गावात पहाटे पाचला पोचलो तर पाणीपुरवठ्याची टाकी भरून वाहत होती. टाकीखालच्या नालीतून गावाच्या ओढ्याला पूर आल्यासारखे पाणी चालले होते. मोटार सुरू करणारा माणूस रात्री ती चालू करून झोपायला गेला होता आणि सकाळी उठून बंद करणार होता. दीड किलोमीटरवरच्या विहिरीतून उपसलेले, पंधरा मीटर उंच चढवलेले पाणी रात्रभर नालीत. त्याच गावच्या बाया आठवड्यातून दोनदा नळाला पाणी येते म्हणून आमच्याकडे तक्रार करत होत्या.

आणि प्रचाराचा उजेड तर विचारूच नका. कोणत्याही पक्षाचे नाव घेण्याची गरज नाही, या बाबतीत सगळे सख्खे भाऊ. प्रचार कार्यालयासमोर पाचशे वॅटचे चार-चार हॅलोजन, आणि वायर सरळ खांबावर आकडा टाकून घेतलेली. आत बसलेले पुढारी आम्हाला सांगत होते की शेतकऱ्यांनी विजेची चोरी थांबवली पाहिजे, मंडळ तोट्यात चालले आहे. मंडळ २००५ मध्येच मोडून त्याच्या कंपन्या झाल्या हेही त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही आकड्याकडे बोट दाखवले. ते म्हणाले, "अहो, चार दिवसांचे तर आहे."

हिशेब मांडला तेव्हा

मी शेतीचा पदवीधर. नोकरी सोडून चळवळीत आलो, पण हिशेब मांडायची खोड गेली नाही. त्या एकतीस दिव्यांचा हिशेब मांडला. सरासरी एका दिव्याला पन्नास वॅट धरले आणि दिवसाचे अकरा तास धरले, तर रोज सतरा युनिट होतात. वर्षाला सहा हजार दोनशेच्या वर.

मला वाटले होते आकडा मोठा येईल, पत्रकात छापता येईल, पंचायतीला धारेवर धरता येईल. सतरा युनिट म्हणजे किती? पाच अश्वशक्तीची एक मोटार तासाला साधारण साडेचार ते पावणेपाच युनिट खाते. म्हणजे अख्ख्या गावाचे दिवसाचे दिवे मिळून एका मोटारीचे साडेतीन-पावणेचार तास. लाज वाटावी एवढे आहे, पण डोंगर नव्हे.

मग डोंगर कुठे आहे? उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. ते माझ्याच विहिरीवर निघाले.

निवडणूक आटोपल्यावर मी दोनशे लिटरचा एक पत्र्याचा ड्रम आणि घड्याळ घेऊन विहिरीवर गेलो. विहिरीतल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत उंची वीस मीटर, म्हणजे पासष्ट फूट. पाच अश्वशक्तीचा चांगला पंप, योग्य पाइप आणि मोकळा फूटव्हॉल्व असेल तर तो ड्रम सतरा-अठरा सेकंदांत भरला पाहिजे. माझा ड्रम भरायला चौतीस सेकंद लागले.

भावांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. मी जेवढी वीज घेत होतो त्यातल्या चार आण्यांचेच पाणी होत होते. चांगल्या संचाने निदान आठ आण्यांचे केले असते. बाकीची वीज कुठे गेली? तीनदा जळून तीनदा रिवाइंडिंग केलेल्या मोटारीच्या तापण्यात गेली. तीन इंचाच्या जागी पैसे वाचवायला टाकलेल्या अडीच इंची पाइपाच्या घर्षणात गेली. पाणी तेवढेच न्यायचे तर पाइपाचे घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. अडीचचा तीन केला तर घर्षण अडीच पटीने उतरते, हे मी कॉलेजात परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि घरच्या विहिरीवर विसरलो होतो. उरलेली गेली गाळाने अर्ध्या बुजलेल्या फूटव्हॉल्वच्या जाळीत आणि उगाच घेतलेल्या तीन काटकोनी बेंडांत.

आता हा हिशेब एकरावर नेऊ. गव्हाला साऱ्यांनी एक पाणी द्यायचे म्हणजे सात सेंटिमीटर धरा. एकराला दोन लाख ऐंशी हजार लिटरच्या वर पाणी. ते वीस मीटर उचलायला निसर्गाच्या हिशेबाने साडेपंधरा युनिट पुरतात. चांगला संच त्याला एकतीस घेईल. माझा संच बासष्ट घेत होता. म्हणजे एका एकराच्या एका पाण्यात मी एकतीस युनिट वाया घालवत होतो. त्या गावाचे दिवसाचे दिवे पावणेदोन दिवसांत मिळून जेवढी वीज जाळतात तेवढी. आणि गव्हाला पाणी एक नाही, पाच-सहा द्यावी लागतात.

आजीने वर बघायला सांगितले होते. पण सगळी गोष्ट वर नव्हती, निम्मी विहिरीत होती.

युनिट कुणाचे, झोप कुणाची?

इथे कुणी म्हणेल, वाया गेली तर गेली, बिल कुठे युनिटवर आहे? बिल अश्वशक्तीवर आहे. आणि आता तर तेही नाही. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत. मग फूटव्हॉल्व साफ करून काय मिळणार?

मिळणार आहेत तास. बासष्ट युनिट जाळायला माझ्या मोटारीला तेरा तासांच्या वर लागतात. एकतीस जाळायला साडेसहा-पावणेसात. दिवसाची पाळी आठ तासांची आहे. म्हणजे संच चांगला असेल तर एक एकर एका दिवसाच्या पाळीत भिजून होतो आणि शेतकरी संध्याकाळी घरी जेवायला येतो. संच भंगार असेल तर त्याच एकराला दुसरी पाळी लागते, आणि ती दुसरी पाळी बहुतेक वेळा रात्रीची असते. वीज फुकट असेल, रात्र फुकट नाही. वाया जाणाऱ्या विजेचे बिल आपण रुपयांत भरत नाही म्हणून आपल्याला वाटते ते भरतच नाही. ते आपण झोपेत भरतो, सापाच्या भीतीत भरतो. त्या घरातल्या बापाने ते मुलात भरले.

डीपीचेही तसेच. आपण सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवले आहेत, कारण वीज केव्हा येईल याचा भरवसा नाही. वीज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. मोटार उठताना चालू मोटारीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दाब कोसळतो, मोटारी गुरगुरतात, फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळतो. मग वर्गणी, ट्रॅक्टर, तालुक्याला खेपा आणि वाळणारे पीक. कपॅसिटर बसवला असता तर ६३ केव्हीएच्या ज्या डीपीवर दहा मोटारी जेमतेम चालतात, त्याच्यावर बारा सुखाने चालल्या असत्या. कपॅसिटरची किंमत एका रिवाइंडिंगच्या मानाने किरकोळ आहे. तरी आपल्या मोटारींवर तो नाही. का? कारण एकट्याने बसवून भागत नाही, शेजाऱ्यानेही बसवावा लागतो. आणि शेजाऱ्याशी आपले बांधावरून भांडण आहे.

फुकट देणाऱ्याला फुकट का परवडते?

आता उमेदवारांच्या उत्तरांकडे येतो. आम्ही सहा जणांना पत्र दिले. तिघांनी घेतले आणि खिशात घातले. दोघांच्या कार्यकर्त्यांनी घेतले, पुढे ते कुठे गेले कुणास ठाऊक. एकाचे लेखी उत्तर आले. त्यात एकच वाक्य होते : बळीराजाला वीज मोफत केलेलीच आहे.

आम्ही विचारले होते दिवसा केव्हा देणार. उत्तर मिळाले फुकट दिली. हा सवालही नवा नाही, जवाबही नवा नाही. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी याच राज्यात शेतीपंपांना वीज मोफत झाली होती. ऑक्टोबरमध्ये मतदान झाले, २००५ उजाडले आणि मोफत गेली. मागे राहिले भारनियमन. ज्यांची वये चाळिशीच्या पुढे आहेत त्यांना ते बारा-बारा तासांचे अंधार आठवत असतील.

फुकट द्यायला पुढाऱ्याला का आवडते? कारण फुकट दिलेल्या वस्तूचा जाब विचारता येत नाही. दाब कमी का, विचारले तर म्हणतात, फुकटच तर आहे. डीपी महिनाभर का बदलला नाही, तर म्हणतात, तुमचे बिल तरी कुठे आहे? गिऱ्हाइकाला हक्क असतो. भिकाऱ्याला फक्त आशीर्वाद देता येतो, आणि तो पाच वर्षांतून एकदा मतपेटीत टाकायचा.

आणखी एक गोष्ट. फुकट विजेचा लाभ विहीरवाल्याला. राज्यातली बहुतेक शेती कोरडवाहू आहे. ज्याच्याकडे विहीर नाही, मोटार नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला यात काय मिळाले? त्याच्या सोयाबीनला हमीभावही मिळाला नाही. आपल्यातच दोन तट पाडायला याहून सोपा मार्ग कोणता?

मीटर नसण्याचा खरा फायदा कुणाला होतो, तेही पाहा. शेतीला किती वीज लागली हे मोजलेच जात नाही, अंदाजाने लिहिले जाते. जे अंदाजाने लिहायचे त्यात काहीही बसवता येते. तारांतली गळती बसते, शहरातली चोरी बसते, कारखान्याच्या मागच्या दारातून गेलेली वीजही बसते. मे २००० मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने पहिला दर-आदेश काढला तेव्हा हेच उघडे पडले. मंडळ आपली गळती वीस टक्क्यांच्या आत असल्याचे सांगत आले होते. तपासणीत ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मधली वीज कुणाच्या नावावर होती? तुमच्या आणि माझ्या. आपण न वापरलेल्या विजेचे आपण थकबाकीदार, आणि आपण न केलेल्या चोरीचे आपण चोर.

म्हणून म्हणतो, आपली उधळपट्टी ही नुसती आपली नुकसानी नाही. ती त्यांची आडोशाची जागा आहे. आपल्या गळक्या फूटव्हॉल्वच्या मागे त्यांची गळकी तार लपते.

"आपलीच लक्तरे कशाला?"

मागच्या बैठकीत हे मांडले तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने मला सुनावले. तुरुंगात जाऊन आलेले, माझ्या आधी पंधरा वर्षे चळवळीत असलेले, त्यांना मी दादा म्हणतो. ते म्हणाले, "तू आपलीच लक्तरे वेशीवर टांगतोस. शहरात रात्रभर जाहिरातींचे फलक झगमगतात, मॉल थंडगार ठेवतात, त्यांना कुणी विचारत नाही. आणि तू शेतकऱ्याच्या फूटव्हॉल्वला विचारतोस? उद्या सरकार हेच पान दाखवून वीज तोडील."

दादांचा राग खरा आहे. शहरातला उजेड आपल्या घामाच्या कमी भावावर चालतो, हे मी नाकारत नाही. शेतकऱ्याला उपदेश करायला निघालेल्या पांढरपेशाने आधी आपल्या घरातले गिझर मोजावेत, हेही खरे. पण सरकार वीज तोडायला आपल्या पानाची वाट पाहत बसलेले नाही, ते कागद नसतानाही तोडते. आपल्या हातात कागद नसतो म्हणून आपल्याला उत्तर देता येत नाही. ज्या दिवशी आपण अधिकाऱ्यासमोर वही ठेवून म्हणू की या डीपीवर या महिन्यात एवढे युनिट आले, आम्ही एवढे वापरले, मधले कुठे गेले ते तू सांग, त्या दिवशी खुर्चीत चुळबुळ त्याची होईल.

आणि सौरवाले म्हणतात की आता हा प्रश्नच उरला नाही, त्यांनाही दोन शब्द. २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. ज्या फीडरवर तिच्यामुळे दिवसा वीज मिळते तिथे शेतकरी रात्री झोपतो, हे चांगलेच आहे आणि आपली मागणीच ती आहे. पण सूर्यालाही पाळी असते. बुजलेली जाळी सौर पंपालाही अर्धेच पाणी देते. आणि फुकटच्या उन्हावर आपण विहीर तळापर्यंत उपसली तर मार्चमध्ये पंप असेल, ऊन असेल, पाणी नसेल.

कार्यक्रम

भाषणे पुष्कळ झाली. जिल्हा बैठकीपुढे मी पाच गोष्टी ठेवतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुका येतील, जातील. हा कार्यक्रम उमेदवार निवडून येण्याची वाट पाहणारा नाही.

१. प्रत्येक गावातल्या शाखेने एक ड्रम आणि एक घड्याळ घेऊन गावातल्या निदान दहा विहिरींवर पाणी मोजावे. उंची, अश्वशक्ती, पाइपाचा व्यास आणि ड्रम भरायला लागलेले सेकंद वहीत लिहावेत. पहिली विहीर कार्यकर्त्याची स्वतःची.

२. एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकत्र बसून कपॅसिटर एकाच दिवशी बसवावेत. ऑटो स्विच काढावेत, नाहीतर मोटारी एकामागून एक उठतील असे त्यांचे वेळ लावून घ्यावेत. बांधाचे भांडण बांधावर ठेवावे.

३. डीपीवर मीटर बसवण्याची मागणी आपण स्वतः करावी, लेखी करावी, आणि त्याचे रीडिंग दरमहा आपल्या माणसाने घेऊन मंदिरासमोरच्या फळ्यावर लिहावे. मीटर आपला शत्रू आहे ही भीती ज्यांनी पेरली त्यांचे पीक आजवर त्यांनीच कापले.

४. गावातले दिवसाचे दिवे आणि वाहणारी टाकी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. दिव्यांची वेगळी तार आणि स्विच, टाकीला पाणी भरल्यावर मोटार बंद करणारा फ्लोट, एवढ्या दोन गोष्टी पंचायतीला सहज परवडतात. ठराव घालून नक्कल मागावी.

५. मते मागायला येणाऱ्याला एकच प्रश्न : दिवसा केव्हा? उत्तरात "फुकट" हा शब्द आला की त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

माझ्या विहिरीवर मी पाइप बदलला, जाळी साफ केली, दोन बेंड काढले. मोटार तीच आहे, नवी घ्यायला सोयाबीन विकले गेले पाहिजे. ड्रम आता चोवीस सेकंदांत भरतो. अजून सहा-सात सेकंद बाकी आहेत. पण गेल्या गव्हाला मी एकही पाणी रात्री दिले नाही.

त्या आजीच्या गावात मागच्या महिन्यात गेलो होतो. पारावरचा दिवा दिवसा बंद होता. मी खुश होऊन वायरमनला विचारले, तार जोडली का? तो म्हणाला, नाही, दिवाच उडाला आहे.

म्हणजे काम अजून बाकी आहे. बैठकीला येताना वही घेऊन या.